जेनोआची लिफ्ट

आमच्या जॉर्जियन भाषेत वडिलांना 'मामा' म्हणतात,
इथे इटलीत आईला.
त्यामुळे स्टेशनवर मी हाक मारली तेव्हा
तीन बायका वळल्या,
वडील नाही.
ते मान वर करून छताच्या कैच्या मोजत होते.

बॅगेत आंबट चटणीची बाटली, अक्रोडाच्या माळा,
आणि लोकरी मोज्यात दडवलेला एक पाना.
"सुट्टीवर पाना कशाला?"
"असू दे."

आठ वर्षं मी या शहरात आहे.
कपेलो बाईंच्या गोळ्या, त्यांचं सूप, त्यांची नखं,
तिसऱ्या मजल्यावरून दिसणारा रस्त्याचा एक तुकडा.
शहर बघायचं राहिलंच.
पाच दिवसांची रजा मिळाली, नकाशा घ्यायला गेले,
दुकानदाराने विचारलं, पहिल्यांदाच आलात वाटतं?
हो म्हणून टाकलं.

पहिल्या दिवशी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कॅथेड्रल.
वडील म्हणाले, कुणीतरी वहीला ओळी आखल्या
आणि लिहायचं विसरलं.
मत्स्यालयाच्या तिकिटाचे त्यांनी मनात लारी केले
आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले:
मासे पोहतात, मला माहीत आहे.
रस्ता ओलांडताना माझा हात आपोआप
त्यांच्या कोपराखाली गेला, नोकरीतली सवय.
त्यांनी झटकला नाही,
फक्त विचारलं, याचे तासाला किती घेतेस?
मी हसले. मग हॉटेल येईपर्यंत
दोघंही गप्प.

आई गेली त्या वर्षी माझ्याकडे कागदपत्रं नव्हती.
अंत्ययात्रा मी फोनवर पाहिली.
फोन वडिलांच्या हातात होता, हात हलत होता;
मला बहुतेक आकाशच दिसलं,
आणि एकदा, रोपवेच्या तारा.

चिआतुराच्या दरीवर त्याच तारांची
त्यांनी चौतीस वर्षं निगा राखली.
खाणकामगार पाळण्यात बसून कामावर जायचे,
संध्याकाळी शेवटचा परतला
की मगच वडील जेवायचे.

चौथ्या दिवशी कास्तेलेत्तोची लिफ्ट.
वर पोचताच सगळे कठड्याकडे धावले,
बंदर, छपरं, फोटो.
वडील आतच उभे, कान लाकडाला लावून.
खाली गेले. वर आले. पुन्हा खाली.
तिसऱ्या खेपेला त्यांच्याबरोबर एक मेकॅनिक होता.
"बोंदो." "ओद्दोने."
एवढे दोनच शब्द दोघांना कळत होते.
वडिलांनी तोंडाने आवाज काढला: टक्... टक्... घर्र.
ओद्दोनेने कपाळावर हात मारून घेतला,
आणि त्यांना दंडाला धरून लोखंडी दारामागे नेलं.
मला बोट दाखवलं: थांबा.

तासभर थांबले.
मग बघितलंच शहर, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.
पाटीच्या दगडाची करडी छपरं, त्यांतून
कपेलो बाईंची खिडकी सापडली. दोरीवर चादर,
बदलीवर आलेल्या इक्वाडोरच्या मुलीने वाळत घातलेली.
इथून ती हातरुमालाएवढी.

वडील आले ते कोपरापर्यंत ग्रीस माखून.
मी पर्समधून ओले कागदी रुमाल काढले,
एकेक बोट पुसू लागले, मग नखांच्या कडा.
कपेलो बाई अशा वेळी हात ओढून घेतात.
वडिलांनी दुसराही पुढे केला.
"मामा," ते मला म्हणाले.
आमच्याकडे बापाने लेकराला लाडाने
बापाच्याच नात्याने हाक मारायची रीत आहे.
आठ वर्षांत फोनवर ते कधी म्हणाले नव्हते.

उतरताना लिफ्टमध्ये आम्ही दोघंच.
"कान लाव," म्हणाले.
मी लाकडाला गाल टेकवला. गार होतं.
"काही ऐकू येत नाही."
"हां," म्हणाले, "आता येणारच नाही."

पाना वर ओद्दोनेकडे राहिला.
मोजा तेवढा
त्यांच्या कोटाच्या खिशातून डोकावत होता.